दुपारी एकची गोळी

९ फेब्रुवारी १९७१. घरात माणसे दोन.

दोघे भाऊबहीण. कालिंदी मेहेंदळे, वय एकोणचाळीस, बालीगंजमधल्या एका मुलींच्या शाळेत भूगोलाची शिक्षिका. श्यामसुंदर मेहेंदळे, वय चव्वेचाळीस, पूर्वी हावड्याच्या एका कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढणारा. वडील रेल्वेच्या नोकरीत कलकत्त्याला आले आणि येथेच राहिले. दोन्ही मुले येथेच जन्मली, शिकली आणि आईवडिलांच्या पश्चात बालीगंजच्याच एका घराच्या दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत उरली. १९६८ च्या उन्हाळ्यात श्यामसुंदरला भिंतीपलीकडून माणसे बोलताना ऐकू येऊ लागली. काही महिने तो त्यांच्याशी भांडला. मग थकला, आणि कुणाशीच बोलेनासा झाला.

डॉक्टरांनी आजाराला नाव दिले आणि दिवसाला तीन गोळ्या दिल्या. सकाळी सातची आणि रात्री नऊची कालिंदी देई. दुपारी एक वाजता मात्र ती सातवीच्या मुलींना वारे कुठून कुठे वाहतात हे सांगत उभी असे. या मधल्या गोळीला वाली हवा होता, आणि गोळी घेणाऱ्याजवळ चार वाजेपर्यंत कुणीतरी बसायला हवे होते. एकदा तसे कुणी नव्हते. त्या दिवशी श्यामसुंदर दार उघडे टाकून निघून गेला आणि संध्याकाळी गडियाहाटच्या ट्राम डेपोत सापडला. त्याने कुणाला त्रास दिला नव्हता. तो ट्रामगाड्या मोजत होता. पण त्या वर्षांत दाढी वाढलेल्या आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देणाऱ्या पुरुषाने कलकत्त्याच्या रस्त्यावर एकटे असणे बरे नव्हते. भिंतीभिंतीवर घोषणा रंगवलेल्या होत्या, आणि पोलीस प्रश्न फार वेळा विचारीत नसत.

त्यानंतर दुपारची गोळी खालच्या मजल्यावरच्या घोषाल मासिमांनी, म्हणजे घोषाल मावशींनी, आपल्याकडे घेतली. कुणी सोपवली नव्हती. शाळेच्या प्रत्येक दिवशी साडेबाराला त्या पानाचा डबा आणि वर्तमानपत्र घेऊन बावीस पायऱ्या चढत, श्यामसुंदरला गोळी देत आणि कालिंदी येईपर्यंत त्याच्याशी बोलत बसत. इलिश माशाचा भाव, सुनेचा स्वयंपाक, मंत्रिमंडळ कधी पडणार, सगळे विषय त्याच्यापुढे मांडले जात. तो भिंतीकडे पाही.

"मासिमा, तो ऐकत नाही हो," कालिंदी एकदा म्हणाली.

"माझ्या नवऱ्यानं तीस वर्षं उत्तर दिलं नाही," मासिमा त्यांच्या बंगालीत म्हणाल्या. "त्याला कुणी डॉक्टरकडे नेलं नव्हतं."

मासिमांना सगळे माहीत होते. बाकी कुणालाही काही माहीत नव्हते, आणि ते तसे का नव्हते हे सांगण्यासाठी आदल्या गणेशोत्सवाकडे जावे लागेल.

दक्षिण कलकत्त्यातल्या मराठी बायकांचे एक लहानसे मंडळ होते. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी नऊ-दहा जणी एकीच्या घरी जमत, भिशीची चिठ्ठी काढत, आणि जिची चिठ्ठी निघे तिच्या घरी पुढचा शनिवार होई. बहुतेक जणी बँकेतल्या किंवा केंद्र सरकारच्या अधिकाऱ्यांच्या बायका. तीन-चार वर्षांनी बदली होऊन जाणाऱ्या. त्यांच्या बोलण्यात हवापाण्याच्या जागी बदली असे. मंडळाच्या चिटणीस प्रेमलता सबनीस, यजमान दत्तात्रय सबनीस बँकेत. आवाज मोठा, पाऊल जलद, मन मोकळे. पण मोकळ्या मनाच्या माणसांना बंद दार सहन होत नाही. गणपतीची वर्गणी मागायला त्या आल्या, त्यांनी आतल्या खोलीचे दार पाहिले आणि विचारले, "भाऊ घरीच असतात ना हल्ली? कधी दिसत नाहीत ते."

पंधरा वर्षांत एकाही देशाची राजधानी चुकीची न सांगितलेली कालिंदी म्हणाली, "दादांचं मौन आहे. अनुष्ठान धरलंय."

पुढे काय झाले ते नीट पाहण्याजोगे आहे. प्रेमलताबाईंचा आवाज खाली आला. त्यांनी पदर सावरला, बंद दाराला नमस्कार केला आणि कुजबुजत विचारले, "किती दिवसांचं?"

"तसं ठरवलेलं नाही," कालिंदी म्हणाली. हे मात्र खरे होते.

दोन वर्षांत त्या दारासमोर कुणी आदराने आवाज खाली आणला नव्हता. दार तेच, आतला माणूस तोच, त्याचे न बोलणे, न जेवणे, दाढी न करणे तेच. आजार म्हटले की लोक आपली मुले त्या दारापासून दूर ओढतात. व्रत म्हटले की त्याच उंबरठ्यावर मुलांचे डोके टेकवतात. कालिंदीला हे त्या क्षणी कळले, आणि कळूनही तिने दुरुस्ती केली नाही. ती चूक तिची होती, असे तीच पुढे सांगे.

पंधरा दिवसांत नारळ येऊ लागले. दर मंगळवारी संध्याकाळी पाचनंतर कुणीतरी जिना चढे. एका मंगळवारी प्रेमलताबाईंनी यजमानांनाच आणले. दत्तात्रयरावांच्या हातात कानपूरचा बदलीचा हुकूम पडला होता. दार किलकिले होते. ते हात जोडून म्हणाले, "महाराज, कानपूर की कलकत्ता?"

श्यामसुंदरला एक सवय होती. तो ट्रामची वापरलेली तिकिटे जमवी आणि आकड्यांच्या बेरजेप्रमाणे लावून ठेवी. त्याने एक तिकीट उचलले, पाहिले आणि दत्तात्रयरावांच्या हातात ठेवले. बहुधा ते त्या गठ्ठ्यात बसत नव्हते.

"ट्राम!" प्रेमलताबाई जिन्यातच म्हणाल्या. "कानपुरात कुठली आलीये ट्राम?"

तीन आठवड्यांनी बदली रद्द झाली. त्यांच्या जागी यायच्या गृहस्थांनी कलकत्त्याला यायला साफ नकार दिला होता. त्या वर्षी कलकत्त्याला यायला नकार देणाऱ्यांची कमी नव्हती. पण मंडळात ट्रामच्या तिकिटाचा महिमा पसरला. बदली हवी असणाऱ्या आणि नको असणाऱ्या दोन्ही पक्षांच्या बायका त्याच दाराशी येऊ लागल्या. नारळ अकरा झाले तेव्हा मासिमांनी गूळ मागवला आणि नाडू वळायला बसल्या. नाडू म्हणजे नारळाचे लाडू.

"तुझ्या देशात वेड्यांना बरं खायला मिळतं ग," त्या म्हणाल्या.

"मासिमा!"

"मी काय खोटं बोलले? खोटं तू बोललीस."

जानेवारीत मासिमांच्या मुलाला दुर्गापूरच्या पोलाद कारखान्यात क्वार्टर मिळाले. तो आईला २८ फेब्रुवारीला नेणार होता. ही बातमी मासिमांनी कालिंदीला तीन दिवस सांगितली नाही. चौथ्या दिवशी सांगितली आणि लगेच इलिशच्या भावावर गेल्या.

कालिंदीने जमेल ते करून पाहिले. पगारी बाई ठेवली. ती दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "बाबू माझ्याकडे बघतो आणि मी त्याला दिसत नाही," आणि गेली. मुख्याध्यापिकांनी रजेचा तक्ता पुढे केला. त्यात देण्यासारखे काही शिल्लक नव्हते. उरले दोन मार्ग. नोकरी सोडायची, म्हणजे घर कशावर चालवायचे हा प्रश्न. किंवा दादाला रांचीच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवायचे. तिने दोन्ही कागद तयार केले, राजीनामा आणि भरतीचा अर्ज, आणि शाळेच्या मोठ्या नकाशापुस्तकात ठेवले. राजीनामा दक्षिण अमेरिकेत होता, अर्ज आफ्रिकेत. १ मार्चपर्यंत त्यांतला एक बाहेर निघणार होता.

आता ९ फेब्रुवारी. मंगळवार. संध्याकाळी एक अनोळखी बाई दारात उभी. वय तिशीच्या आसपास, हातात नारळ, धाप लागलेली.

"मी मीनाक्षी गुप्ते. डमडमहून आले. आमचे हे विमानतळावर असतात. सबनीसबाईंच्या एका मैत्रिणीकडून कळलं." ती बसली नाही. "शियालदाला गाडी बदलून आले, परतही जायचंय. एकच विचारायचं होतं महाराजांना."

"बदलीचं?" कालिंदी कंटाळून म्हणाली.

"नाही हो ताई. आमच्या सासूबाईंनीही अनुष्ठान धरलंय. ते कधी पुरं होईल एवढंच."

कालिंदीने तिच्याकडे पाहिले. "मौनाचं?"

"नाही. त्या बोलतात. सारख्या बोलतात. कुणाकुणाशी बोलतात ते आम्हाला दिसत नाही. पहाटे उठून दार उघडून जातात. शेजारी विचारायला लागले, तेव्हा मी... तुमच्या दादांबद्दल ऐकलं होतं ना. म्हटलं, अनुष्ठानच असेल."

शिक्षिकेला कोणता प्रश्न विचारावा हे कळते. कालिंदीने विचारले, "दुपारची गोळी किती वाजता?"

"एक वाजता," मीनाक्षी म्हणाली, आणि नारळ तिच्या हातातून सुटून पलंगाखाली गेला.

कालिंदीला हसू फुटले. मीनाक्षी आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. आतले दार उघडून श्यामसुंदरने बाहेर पाहिले. त्याने पलंगाखालून नारळ काढला, मीनाक्षीच्या हातात दिला आणि दार लावून घेतले.

"हे महाराज?" मीनाक्षीने विचारले.

"हा माझा दादा. आजारी आहे."

हे वाक्य कालिंदीने मराठीत प्रथमच उच्चारले. त्यानंतर तासभर दोघी बोलल्या. गोळीने तोंड कोरडे पडते तेव्हा काय द्यायचे, जेवणात गोळी लपवावी की सांगून द्यावी, दाराला कडी बाहेरून लावली तर रात्री स्वतःला झोप लागते का. मीनाक्षीने विचारले, "तुम्हाला कधी राग येतो का हो त्यांचा?"

"रोज. सकाळी सहा ते सहा वीस. मग दूध तापवायचं असतं."

निघताना मीनाक्षी म्हणाली, "ताई, पण माझं कुठं बोलू नका. यांच्या ऑफिसात कळलं तर..."

"तुझं नाही बोलणार. माझं मात्र बोलावं लागेल, असं वाटतंय."

१३ तारखेचा दुसरा शनिवार सबनीसांकडे होता. कालिंदीने बोलायचे ठरवले होते; कसे, ते ठरले नव्हते. ते चिठ्ठीने ठरवले. स्टीलच्या डब्यातून निघालेल्या घडीवर तिचेच नाव होते.

"छान!" प्रेमलताबाई म्हणाल्या. "म्हणजे मार्चचा शनिवार महाराजांच्या घरी. सगळ्यांना दर्शन!"

"माझ्या घरी दर्शन नाही," कालिंदी म्हणाली. "माझ्या घरी आजारी माणूस आहे. दादाला मनाचा आजार आहे, तीन वर्षं होतील. अनुष्ठान मी रचून सांगितलं."

कोथिंबिरीच्या वडीचा घास घेतलेली एक बाई तो चावायची थांबली.

"रचून?" प्रेमलताबाईंचा आवाज पुन्हा मूळ उंचीवर गेला. "पाच महिने मी त्या दारात डोकं टेकवतेय!"

"हो."

"आणि नारळ घेत होतात तुम्ही!"

"मी नको म्हणत होते. देवाचं नाकारू नये, असं तुम्हीच म्हणालात."

"काय केलंत एवढ्या नारळांचं?"

"लाडू. खालच्या मासिमांनी."

"म्हणजे दिवाळीनंतर डबा भरून आणलेत, ते..."

"तेच."

कोपऱ्यात कुणीतरी फसकन हसले. मंडळातल्या सर्वांत वडील वृंदाताईंनी गंभीरपणे विचारले, "रांचीला नाही का ठेवता येत? लोक ठेवतात."

"येतं. अर्ज भरून ठेवलाय. पण डॉक्टर म्हणतात, घरी गोळी वेळेवर मिळाली तर गरज नाही. दुपारी एकला एक गोळी आणि चारपर्यंत कुणीतरी जवळ. एवढंच. मासिमा अठ्ठावीसला जातात." तिने चिठ्ठीची घडी पुन्हा डब्यात टाकली. मग म्हणाली, "भिशी माझी निघाली आहे. ती पुढच्या कुणाला द्या. मला त्याऐवजी दुपारी हव्यात. सोमवार ते शुक्रवार. मी परत करीन, भिशीच समजा."

दोघींनी घड्याळाकडे पाहिले. एकीने मुलांचे नाव काढून चपला शोधल्या. ती पुढे मंडळात आली नाही, आणि तिला दोष देणे सोपे आहे म्हणून येथे दिलेला नाही. प्रेमलताबाई मात्र अजून हिशेब जुळवत होत्या.

"पण बदली तर थांबलीच की!"

"ते गृहस्थ यायला तयार नव्हते, असं तुम्हीच सांगितलंत."

"ते ऑफिसचं कारण झालं," प्रेमलताबाई म्हणाल्या. त्यांनी डब्याचे झाकण लावले, पुन्हा उघडले, पुन्हा लावले. "तुमचे दादा मारतात का हो?"

"नाही. नारळ परत करतात."

"सोमवार माझा. आणि बघताय काय सगळ्या? बदली विचारायला यायला वेळ होता ना प्रत्येकीला?"

वृंदाताईंनी बुधवार घेतला; रांचीबद्दल विचारल्याची ती भरपाई असावी. नुकतीच लग्न होऊन आलेली स्मिता म्हणाली, "मला स्वयंपाक येत नाही. पण गोळी देता येईल," आणि तिला गुरुवार मिळाला. शुक्रवार आणखी एकीने घेतला. मंगळवार कुणीच घेतला नाही.

मंगळवार डमडमहून आला. कालिंदीच्या पत्राला मीनाक्षीचे उत्तर आले, त्यात तिने लिहिले होते की सासूबाईंना आगगाडीत बसायला आवडते आणि गाडीत त्या उठून जात नाहीत. तेव्हा तिने दर मंगळवारी त्यांना घेऊन बालीगंजला यावे, एकाच भांड्यातल्या पाण्याने दोन्ही गोळ्या द्याव्यात आणि मग तासभर झोपावे, असे ठरले. डमडममध्ये शेजाऱ्यांना सांगितले गेले की सासूबाई मौनी महाराजांच्या दर्शनाला जातात. त्या कॉलनीत ते अनुष्ठान पुढे बरीच वर्षे चालू राहिले. सत्य सांगण्याची ऐपत प्रत्येक घराला एकाच वेळी येत नाही.

पहिल्या मंगळवारी कालिंदी शाळेतून परतली तेव्हा मीनाक्षी सतरंजीवर गाढ झोपली होती, सासूबाई अखंड बोलत होत्या आणि श्यामसुंदर तिकिटे लावत ऐकत होता, किंवा ऐकत नव्हता. दोघांपैकी कुणाचीही तक्रार नव्हती.

हा आजार बरा झाल्याची गोष्ट नाही. चांगले महिने आले, वाईट महिने आले. एका वाईट महिन्यात श्यामसुंदरने प्रेमलताबाईंच्या अंगावर पाण्याचा पेला उपडा केला, आणि त्या पदर पिळून दुसरा पेला घेऊन आल्या. शहर बंद असेल त्या दिवशी ज्या चालत येऊ शकत त्या येत. मे महिन्यात तो एकदा वृंदाताईंना म्हणाला, "मीठ कमी आहे." अडीच वर्षांतले ते पहिले वाक्य. वृंदाताईंनी ते मंडळात तीनदा सांगितले, आणि मीठ खरेच कमी होते हेही कबूल केले. नकाशापुस्तक शाळेत परत गेले. त्याआधी दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका दोन्ही रिकाम्या केल्या होत्या.

भिशीचा शब्द कालिंदीने पाळला. प्रेमलताबाईंच्या वैशालीचा भूगोल तिने शालान्त परीक्षेपर्यंत नेला. वृंदाताईंच्या मोतीबिंदूच्या वेळी ती रोज संध्याकाळी त्यांच्या उशाशी बसली. स्मिता बाळंत झाली तेव्हा पहिले दहा दिवस स्वयंपाक तिने केला. मीनाक्षीला वर्षातून एक आठवडा माहेरी जाता यावे म्हणून सासूबाई बालीगंजला राहत, आणि त्या आठवड्यात खालच्या मजल्यावरचे नवे भाडेकरू विचारत की वर एवढे कोण बोलते. १९७३ मध्ये सबनीसांची बदली झालीच, कानपूरलाच. प्रेमलताबाईंच्या पाकिटात तेव्हाही एक ट्रामचे तिकीट होते. "बदलीसाठी नाही हो," त्या म्हणाल्या. "पहिल्या सोमवारी गोळी घेतल्यावर त्यांनी दिलं होतं."

मासिमा ठरल्याप्रमाणे २८ फेब्रुवारीला गेल्या. टॅक्सी खाली उभी होती. जाण्याआधी त्या बावीस पायऱ्या चढून वर आल्या, श्यामसुंदरला म्हणाल्या की दुर्गापूरला इलिश चांगला मिळत नाही, आणि त्याच्या उत्तराची वाट न पाहता वळल्या.

कालिंदीने विचारले, "मासिमा, मी तुम्हाला काय देऊ?"

"नारळ उरलाय का एखादा?"

उरला होता, मीनाक्षीने जाताना ठेवलेला. तो घेऊन त्या गेल्या. कालिंदी दर दुर्गापूजेच्या सुट्टीत दुर्गापूरला जायचे ठरवी. दादाजवळ सबंध दोन दिवस कोण राहणार, हे जुळवेपर्यंत सुट्टी सरे.

निरुपमा घोषाल १९७४ च्या हिवाळ्यात दुर्गापूरला वारल्या. भिशीच्या आधीची अडीच वर्षे, शाळेच्या प्रत्येक दिवशी, दुपारी एकची गोळी त्यांनी दिली. त्यांच्या त्या सगळ्या दुपारी कुठल्या चिठ्ठीवर नव्हत्या, कुणी मागितल्या नव्हत्या. त्यांतली एकही दुपार परत केलेली नाही.